बिंदुमाधवरावांनी वाचवलेले तीनशे अकरा बाइट

गेल्या मार्चमध्ये बिंदुमाधवराव निवृत्त झाले. आमच्या कंपनीने त्यांना म्हैसूर पेटा घातला, शाल पांघरवली, चंदनाचा म्हणून विकला जाणारा पण चंदनाचा नसलेला एक हार घातला, आणि विजयेंद्रने भाषण केलं. विजयेंद्र आमच्या विभागाचा प्रमुख. त्याला हे सगळं काम बिंदुमाधवरावांनीच शिकवलं होतं, ते त्याने भाषणात दोनदा सांगितलं. मग म्हणाला, "या माणसाने नुसता असेंब्लर सुधारून एका प्रोग्राममधले तीनशे अकरा बाइट वाचवले आणि कंपनीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक राखलं." टाळ्या कडाडल्या. बिंदुमाधवराव खाली मान घालून बसले होते. पेटा एक नंबर मोठा होता, सारखा कपाळावर येत होता. मीही टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर नवऱ्याने साधं विचारलं, "कसा झाला कार्यक्रम?" तर मी त्याच्यावर खेकसले.

त्याच असेंब्लरने नंतर दुसऱ्या एका प्रोग्राममधले बारा बाइट काढले. त्यांचं काय झालं ते भाषणात नव्हतं. ते मला ठाऊक आहे, बिंदुमाधवरावांना ठाऊक आहे आणि विजयेंद्रला ठाऊक आहे. आम्ही तिघंही त्या दिवशी एकाच मांडवात बसून बर्फी खात होतो.

मी मूळची मिरजेची. लग्न होऊन म्हैसुरात आले आणि हेब्बाळच्या औद्योगिक वसाहतीतल्या या कंपनीत क्वालिटी विभागात लागले, त्याला आता सतरा वर्षं होतील. पहिल्याच दिवशी एक किडकिडीत, अर्ध्या बाह्यांच्या शर्टातला, खिशात लाल-निळ्या पेन्सिली खोचलेला माणूस माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "तुम्ही मराठी म्हणून सांगितलं कोणी. बरं झालं हो. आमच्या घरी पण मराठीच. स्वल्प तेवढं कन्नड मिसळतं, तुम्ही ॲडजस्ट करा." मला हसू आवरेना. त्यांच्या घराण्याला म्हैसुरात पाच-सहा पिढ्या झाल्या. पुण्याला ते आयुष्यात एकदा गेले होते आणि तिथे एका दुकानदाराने त्यांना "तुम्ही कुठल्या देशाचे?" असं विचारलं होतं. ही गोष्ट ते स्वतःच सांगत आणि स्वतःच मनापासून हसत.

आमची कंपनी कारखान्यांतल्या प्रेस मशीनना चालवणारी कार्डं बनवते. प्रेस म्हणजे वरून खाली येऊन पत्र्याला आकार देणारं अवजड यंत्र. ते कधी खाली यावं, कधी थांबावं, हे कार्डवरचा प्रोसेसर ठरवतो. प्रोसेसरला फक्त आकडे कळतात. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून माणूस छोटे छोटे शब्द लिहितो: हे आण, ते मिळव, तिकडे उडी मार. त्या शब्दांचे आकडे करून देतो तो असेंब्लर. आमच्या कार्डात कंपनीच्या जुन्या लोकांनी स्वतःच्या डोक्याने काही जास्तीच्या सूचना घातल्या होत्या. बाजारातला विकतचा असेंब्लर त्या सूचना दिसल्या की हात वर करायचा. तेव्हा नुकतेच लागलेले, चोवीस वर्षांचे बिंदुमाधवराव म्हणाले, "मी बघतो की." त्यांनी अकरा महिने बघितलं आणि एकट्याने असेंब्लर लिहिला. कार्यक्रमातल्या भाषणात ते अकरा महिने 'अल्पावधीत' या एका शब्दात उरकले.

पुढची तीस-बत्तीस वर्षं ते तो सुधारत राहिले. सुरुवातीला चूक सापडली की असेंब्लर नुसता 'चूक' एवढंच छापून बंद पडायचा. कुठे, कसली, ते तुमचं तुम्ही शोधा. मग तो ओळीचा नंबर सांगायला लागला. मग एका चुकीला न थांबता सगळ्या चुका एकदम सांगायला लागला. एकदा एक नवीन मुलगी नावातलं एक अक्षर चुकल्यामुळे दिवसभर अडून बसली आणि शेवटी रडायला लागली. आठवड्याभरात असेंब्लर 'हे नाव म्हणायचं होतं का?' असं जवळचं नाव सुचवायला लागला. अशी प्रत्येक सुधारणा कुणाच्या तरी तक्रारीतून आलेली असायची आणि तक्रार करणाऱ्याचं नाव ते वहीत लिहून ठेवायचे. स्वतःचं नाव मात्र त्यांनी असेंब्लरमध्ये कुठेच घातलं नाही. विजयेंद्रने घातलं, पडद्यावर पहिल्या ओळीत, 'देखरेख' म्हणून. बिंदुमाधवराव म्हणाले, "इरली हो. असू दे. एक ओळ तर आहे." मला अशा माणसांचा राग येतो. त्यांच्या चांगुलपणावर दुसऱ्यांची घरं बांधून होतात आणि हे आपले पेन्सिलीला टोक काढत बसतात.

घरी त्यांच्या पत्नी, तुंगाबाई, मला एकदा म्हणाल्या, "आमच्याकडे सण असो, श्राद्ध असो, हे जेवता जेवता पानावर बोटानं काहीतरी लिहितात. मी विचारणंच सोडलं." मूलबाळ नव्हतं. गाडी नव्हती. कंपनीच्या बसमध्ये तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसायचे आणि उतरताना ड्रायव्हरला रोज नमस्कार करायचे. विजयेंद्रच्या पहिल्या परदेशवारीचा सगळा मजकूर यांनीच लिहून दिला होता, आणि स्वतः पासपोर्टसुद्धा काढला नव्हता.

त्यांची एक पद्धत सबंध विभागात चालायची. तिला आम्ही पारायण म्हणायचो. प्रोग्राम गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी असेंब्लरने केलेले सगळे आकडे कागदावर छापायचे, आणि दोघांनी समोरासमोर बसून ते वाचायचे. एकाने मोठ्याने म्हणायचं, दुसऱ्याने मूळ शब्दांशी ताडून पेन्सिलीने खूण करायची. शेवटच्या पानावर दोघांच्या सह्या. एका सहीचा कागद कंपनीत कुठेही चालत नसे, पुढे दोषाचं पत्र पाठवायचं झालं तरी त्यावर त्याच दोघांची सही लागे. बिंदुमाधवरावांची वाचनातली जोडीदार मी होते. पारायण संपेपर्यंत ते कॉफी घेत नसत आणि मलाही घेऊ देत नसत. सुरुवातीला मला हा वेडेपणा वाटला. नंतर त्या वाचनात सापडलेल्या चुका पाहिल्या आणि तोंड मिटलं. एकच सवलत होती: ज्या प्रोग्रामचं एक अक्षरही बदललेलं नाही, तो पुन्हा वाचायचा नाही. ज्याचं पारायण एकदा झालं ते झालं. नाहीतर जन्म पुरला नसता.

मग ते तीनशे अकरा बाइट. एका बड्या गिऱ्हाइकाला कार्डात नवीन सोयी हव्या होत्या आणि कार्डाच्या स्मृतीत जागा उरली नव्हती. मोठ्या स्मृतीचं नवं कार्ड करायला दोन वर्षं लागली असती. विजयेंद्र म्हणाला, असेंब्लरच जरा शहाणा करा, तोच काटकसर करू दे. बिंदुमाधवरावांनी तीन महिने काम केलं. लांब उड्यांच्या जागी आखूड उड्या बसवल्या, एकच गोष्ट दोनदा करणाऱ्या ओळी शोधल्या, आणि 'सुम्ने' काढायला लावले. सुम्ने म्हणजे 'काही करू नकोस' ही सूचना. कन्नडमध्ये उगीच, गप्प, असं म्हणायला हा शब्द आहे, आणि आमच्या विभागात त्या सूचनेला सगळे सुम्नेच म्हणायचे. प्रोसेसर ती वाचतो, काहीही करत नाही आणि पुढे जातो. जुन्या प्रोग्रामांत असे रिकामे सुम्ने जागोजाग पडलेले असत, कधीकाळी काढलेल्या ओळींची भोकं बुजवायला घातलेले.

पण काही सुम्ने रिकामे नसतात. काही न करायलाही प्रोसेसरला क्षणभर वेळ लागतो, आणि कधी कधी तो क्षणच हवा असतो. हे बिंदुमाधवरावांना माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. म्हणून तर त्यांनी एक खूण ठेवली: ज्या सुम्नेपुढे ती खूण असेल तो असेंब्लर काढणार नाही. चालू असलेले सत्तावीसच्या सत्तावीस प्रोग्राम त्यांनी स्वतः चाळले आणि हव्या त्या ठिकाणी खुणा घातल्या. तीनशे अकरा बाइट वाचले. नव्या सोयी बसल्या. विजयेंद्रने सगळ्यांना मैसूरपाक वाटला.

अठ्ठाविसावा प्रोग्राम कुणाच्या यादीत नव्हता. तो पंचवीस वर्षांपूर्वीचा, एका जुन्या प्रेसचा. तीनशे अकरा बाइट वाचले त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर हेब्बाळमधल्याच एका कारखान्याचं कार्ड जळालं आणि त्यांना आयुधपूजेच्या आधी प्रेस चालू करून हवा होता. बंद मशीनची पूजा करायची का, असं त्यांचा मॅनेजर फोनवर ओरडत होता. शुक्रवार होता. जुना प्रोग्राम शोधला, नव्या असेंब्लरमधून काढला, नवीन कार्डात भरला. बिंदुमाधवराव कागद हातात घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "मृण्मयी, वाचूया का?"

मला तो आवाज अजून ऐकू येतो. मी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "एक अक्षर बदललेलं नाहीये. वाचायचं काय त्यात? नियम तुमचाच आहे."

ते क्षणभर उभे राहिले. मग म्हणाले, "हौदू, ते खरं," आणि सही केली. मीही केली.

प्रोग्रामचं अक्षर बदललं नव्हतं. असेंब्लर बदलला होता. बत्तीस वर्षं दोघांनी मिळून आकडे वाचणाऱ्या विभागात हे एकाच्याही डोक्यात आलं नाही, आणि ज्याने तो बदलला त्याच्या डोक्यात अर्धवट आलेलं मी घड्याळ बघून घालवलं.

तो प्रेस दोन बटणांवर चालायचा. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबून धरली तरच तो खाली येतो, म्हणजे हात साच्यात असण्याचा प्रश्नच नाही. एक हात उचलला की तो जागच्या जागी थांबला पाहिजे. पण हात उचलल्यावर बटणाचा स्पर्श एका फटक्यात तुटत नाही, आत पत्ती थरथरते. त्या थरथरीत फसायला नको म्हणून जुना प्रोग्राम काही क्षण थांबून बटण पुन्हा बघायचा. ते थांबणं बारा सुम्नेंचं होतं, पुन्हा पुन्हा फिरवलेलं. त्यांच्यापुढे खूण नव्हती. असेंब्लरने ते बाराही काढून टाकले, सांगितलं होतं तसं, बिनचूक. आता प्रोग्राम त्या थरथरीतच पुन्हा बघायचा आणि बटण अजून दाबलेलंच आहे असं समजायचा.

आयुधपूजा झाली, प्रेसला झेंडू वाहिले, कोहळा फोडला. त्यानंतरच्या बुधवारी त्या प्रेसवर अंबाजीराव काम करत होते. बावन्न वर्षांचा माणूस, त्याच कारखान्यात बावीस वर्षं. पत्रा वाकडा बसलेला दिसला म्हणून त्यांनी उजवा हात बटणावरून उचलला आणि सरळ करायला पुढे नेला. प्रेस थांबायला हवा होता. थांबला नाही. तीन बोटं गेली.

कारखान्याने चौकशी सुरू केली आणि पहिल्याच दिवशी उत्तर ठरवून टाकलं. काही कामगार पटापट काम व्हावं म्हणून एका बटणात लाकडी खुंटी ठोकून ते दाबलेलंच ठेवतात, एक हात मोकळा राहतो. अंबाजीरावांनीही तेच केलं असणार. खुंटी सापडली नाही, तर म्हणाले लपवली असणार. अंबाजीराव इस्पितळातून सांगत होते की मी हात उचलला होता, खुंटी लावली नव्हती. त्यांच्या बाजूने बोलायला त्या मशीनखेरीज कुणी नव्हतं.

कारखान्याने कार्ड तपासायला म्हणून आमच्याकडे पाठवलं. बिंदुमाधवरावांनी आख्खा प्रोग्राम छापला आणि रविवारी ऑफिसात येऊन एकट्याने वाचला. सोमवारी, सतरा तारखेला, सकाळी ते माझ्या टेबलाशी आले. एक पान ठेवलं. जिथे बारा ओळी असायला हव्या होत्या तिथे लाल पेन्सिलीची एक रेघ होती. मला लगेच कळलं. ते म्हणाले, "मी उलटं केलं हो. खूण असेल तर ठेवायचं, असं केलं. खूण असेल तरच काढायचं, असं करायला पाहिजे होतं. एवढंच. आयतु, झालं." मग खिशातून पत्र काढलं. दीड पान, त्यांच्या मोत्यासारख्या इंग्रजी अक्षरात. वर तारीख. खाली काय झालं, कुठल्या ओळीत झालं, का झालं. 'ऑपरेटरने खुंटी लावल्याचं मानायचं काहीही कारण नाही. हात उचलल्यावरही यंत्र याच प्रकारे चाललं असतं.' शेवटी त्यांची सही, आणि शेजारी माझ्या सहीची मोकळी जागा.

मी म्हणाले, "ठेवा. वाचून करते."

दुपारी विजयेंद्रने मला बोलावलं. त्याला पत्राची कुणकुण कशी लागली कोण जाणे. तो सही करू नका असं म्हणाला नाही. असली माणसं तसं कधीच म्हणत नाहीत. तो म्हणाला, "चौकशी त्यांची आहे, त्यांना करू दे. आपण मधेच कशाला कागद घुसवायचा? शुक्रवारपर्यंत दम धरा." आणि मग, दुसराच विषय असल्यासारखं, "क्वालिटीच्या प्रमुखाचं नावही शुक्रवारीच जाहीर करतोय."

मी पत्र खणात ठेवलं. स्वतःला सांगितलं की पोलीस केस होईल, नावं येतील, आधी नीट विचार करायला हवा. अन्विताची, माझ्या मुलीची, बारावी आहे. सांगायला माणसाला किती गोष्टी सापडतात! मंगळवारी बिंदुमाधवराव आले. "झालं का?" मी म्हणाले, उद्या. बुधवारी आले. मी म्हणाले, जरा गडबड आहे. गुरुवारी आले, टेबलाशी उभे राहिले आणि परत गेले. त्या दिवसांत त्यांनी असेंब्लर दुरुस्त केला, काढलेली प्रत्येक ओळ आता कागदावर वेगळी छापली जाते, आणि अठ्ठावीसच्या अठ्ठावीस प्रोग्रामांची पारायणं नव्याने लावली. मशीन दुरुस्त करायला माझी सही लागत नव्हती.

आणि मला त्यांचाही राग येतो, आजही. एक सही तर एक सही, ती घेऊन सरळ त्या माणसाच्या घरी का गेला नाहीत? बत्तीस वर्षं पाळलेला नियम चार दिवस मोडला असता तर काय आभाळ कोसळणार होतं? पण ते माझी वाट बघत राहिले. मी सही करणारच, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. मला वाटतं, तेवढ्यावरच ते थांबले होते.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता मी क्वालिटीची प्रमुख झाले. पाच वाजता मी सही केली. मला याची लाज वाटते, आणि ती लिहून कमी होत नाही.

आम्ही दोघं पत्र घेऊन विजयेंद्रकडे गेलो. त्याने ते शांतपणे वाचलं, फाइलला लावलं आणि म्हणाला, "पण ते प्रकरण मिटलं की. त्या ऑपरेटरने काल लेखी दिलंय. खुंटी लावली होती म्हणून." बिंदुमाधवराव म्हणाले, "खोटं आहे ते." विजयेंद्र म्हणाला, "सर, त्यानेच दिलंय, मी काय करू?" बाहेर आल्यावर बिंदुमाधवरावांनी मला एवढंच विचारलं, "उद्या त्यांच्या घरी जाऊया. तुम्ही येणार?" मी हो म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी गेलो. दिवाळी दोन दिवसांवर होती, देवराज मोहल्ल्यात पाय ठेवायला जागा नव्हती. अंबाजीराव एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायचे. दुकान त्यांच्या मेहुण्याचं. खालच्या शिलाई मशीनांची घरघर वर खोलीत ऐकू येत होती. दार त्यांच्या पत्नीने, अंबुबाईंनी उघडलं. आम्ही कार्डवाल्या कंपनीचे म्हटल्यावर त्यांचा चेहरा घट्ट झाला, पण आत या म्हणाल्या. अंबाजीराव प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते, हाताला मनगटापर्यंत पट्टी.

बिंदुमाधवराव बसले नाहीत. उभ्यानेच सांगायला लागले, आणि मला वाटलं, झालं, आता हे बाइट आणि स्मृतीतले पत्ते सांगत बसणार. पण त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. बटणाची पत्ती थरथरते. प्रोग्राम त्यासाठी थोडा सुम्ने थांबायचा. ते थांबणं माझ्या असेंब्लरने काढून टाकलं. म्हणून तुम्ही हात उचललेला मशीनला कळलाच नाही.

अंबाजीराव त्यांच्याकडे बघत राहिले. "म्हणजे मी हात उचलला होता."

"उचलला होता तुम्ही."

"खुंटी नव्हती लावली मी."

"नव्हती. चूक माझी आहे."

अंबाजीराव बायकोकडे वळले. "ऐकलीस? ऐकलीस काय गं? मी म्हणत होतो की नाही?" त्यांचा आवाज चढला, डोळे भरले. "सगळेजण सांगून सांगून, मलाच वाटायला लागलं होतं सार, की लावली असेल मी खुंटी आणि विसरलो असेन. रात्रंदिवस तेच. माणूस असं विसरतो काय?" अंबुबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. दोन-तीन मिनिटं त्या खोलीत सगळं ठीक होतं.

मग बिंदुमाधवरावांनी पत्राची प्रत पुढे केली. "हे ठेवा. कुठे दाखवायचं तिथे दाखवा. मी येतो बरोबर, कोर्ट म्हणा, कुठेही म्हणा."

अंबाजीरावांनी ती डाव्या हातात घेतली. "आता काय उपयोग याचा," ते म्हणाले. "गुरुवारी अंगठा दिला मी. डावा. खुंटी लावली म्हणून लिहून दे, गेटवर ठेवतो, नाहीतर घरी जा, असं म्हणाले. सोमवारपासून गेटवर बसायचंय. आता हे घेऊन गेलो तर माझाच अंगठा माझ्या तोंडासमोर धरतील. गेटही जाईल." मग म्हणाले, "बुधवारी मी विचारलं होतं हो त्यांना. कार्डवाल्यांचा काही कागद आला काय म्हणून. बेडा, नको वाट बघू, कागदबिगद काही येणार नाही, म्हणाले. एक कागद आला असता ना सार, जीव गेला असता तरी अंगठा दिला नसता मी. बावीस वर्षं काम केलं. पोरगा त्याच कारखान्यात लागलाय. त्याला सगळे विचारतात, तुझा बाप खुंटी लावत होता म्हणे."

"तुम्हाला कधी कळलं हे?" त्यांनी विचारलं.

बिंदुमाधवराव म्हणाले, "काल."

अंबाजीरावांना इंग्रजी येत नव्हतं. पण आकडे कुणालाही वाचता येतात. त्यांची नजर कागदाच्या वरच्या कोपऱ्यावर गेली आणि तिथेच राहिली. "सतरा," ते म्हणाले. "सतरा म्हणजे सोमवार की."

माझ्या सहीशेजारी तारीख नव्हती, तशी जागाच ठेवलेली नसते. आता बिंदुमाधवराव माझ्याकडे बघतील, मला वाटलं. बघावं, असंही वाटलं. त्यांनी बघितलं नाही.

"माझ्याकडनं उशीर झाला," ते म्हणाले.

"चार दिवस?" अंबाजीराव म्हणाले. "बोटं गेली ती मशीननं घेतली, ते ठीक. पण हे चार दिवस? कागद लिहून घरात ठेवला होता तुम्ही? कशाला? नोकरीला भिऊन?"

बिंदुमाधवराव मान खाली घालून उभे राहिले. मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात झालं असतं. मी उघडलं नाही.

तेवढ्यात अंबुबाई कॉफी घेऊन आल्या. थाळीत दोन पेले होते. त्यांनी आतून सगळं ऐकलं होतं. एक पेला त्यांनी माझ्या हातात दिला आणि दुसरा थाळीत तसाच ठेवून थाळी खाली ठेवली.

"तुम्ही घ्या बाई," त्या म्हणाल्या. "तुमच्यामुळे तरी हे आज आले. नाहीतर आम्हाला कधी कळलंच नसतं."

मी ती कॉफी प्यायले.